शंभरातल्या वीस जागा

४ फेब्रुवारी, मंगळवार. दिवेलागण
आजपासून वही. मी सांगते, हेमलता लिहिते. हेमलता म्हणजे माझी सून. अक्षर चांगलं आहे म्हणतात. मला काय, मुंग्यांची रांग ती रांग. अट एकच घातली आहे: तिनं लिहायचं, वाचायचं नाही. पोस्टमन पत्रं वाटतो, फोडून बघतो का? हेमलता म्हणाली, बरं आत्या.

कारण असं झालं. महिन्यापूर्वी कांदालागवडीत दिवसभर पाणी प्यायले नाही. मग चार दिवस डोकं ठणकलं आणि पाचव्या दिवशी अंगणात हातपाय झाडले. मला आठवत नाही, म्हणजे माझ्यापुरतं झालं नाही. अभिमननं, माझ्या मुलानं, धुळ्याला नेलं. डोक्यातल्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ज्या शिरेतून रक्त खाली उतरायचं तीच तुंबली, पाटचारी तुंबते तशी. आता रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, गुठळी विरघळते आहे, मी ठणठणीत आहे.

पण आज डॉक्टरांनी गुण मोजले. डोक्यात थोडं रक्त सांडलं त्याचे इतके, दवाखान्यात पोचायच्या आधीच फिट आली तिचे इतके, वयाचे इतके. म्हणे, भुरीबाई, तुमच्यासारख्या शंभर जणांत वीसेक जणांना पुढे फिटचा आजार जडतो. वीसच! मी विचारलं, बाकीच्या नव्याण्णव जणींना कुठे बसवलंय? म्हणे, त्या कागदावर आहेत. कागदावरच्या बाया मला माहीत आहेत, आमच्या बचत गटात निम्म्या तशाच.

वीस जागा, शंभर उमेदवार. मी कधी कशाला उभी राहिलेली नाही. मी ऐंशीतली.

डॉक्टरांनी फिटची गोळी दोन वेळा सांगितली. आणि एक वही करा म्हणाले. हात उडाला, भान गेलं, जीभ चावली, तारीख-वेळ टाकून लिहा. वही कोरी राहिली तर २२ एप्रिलला गोळी कमी करायचं बघू. तोवर चूल, विहीर, गच्ची बंद.

चूल बंद म्हणजे खापर बंद, आणि अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला. या गल्लीत बत्तीस वर्षं अखाजीचे मांडे माझ्या हातचे. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झेलत ओढणीसारखी पातळ करायची आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर टाकायची. हेमलताची फाटते. बारा वर्षं फाटते आहे. लिही, थांबलीस का?

तर वह्या दोन. डॉक्टरांच्या वहीत रोज 'काही नाही'. ही माझी. हिच्यावर हळदीचं बोट उमटवलंय, अदलाबदल नको.

११ फेब्रुवारी. सकाळी ८.१०
शेजारी गेंदाबाईच्या ओट्यावर चहा प्यायला गेले. कप पडला. तिचे कप हलकेच. उजवा हात थोडा उडाला, पण कप आधी पडला, मग हात उडाला. कोण आधी ते महत्त्वाचं.
डॉक्टरांच्या वहीत: काही नाही.

१२ फेब्रुवारी
चहा स्टीलच्या पेल्यात आला, तोही अर्धा, आणि हेमलता शेजारी बसून. हिला कपाचं कोणी सांगितलं? गेंदाबाईच. तिच्या तोंडात तीळ राहत नाही. आठवडाभर तिच्याकडे जाणार नाही.

१३ फेब्रुवारी
गेंदाबाईकडे गेले. घरी साखर कमी टाकतात.

२४ फेब्रुवारी. दुपारी १.३०
डाळ निवडत होते. अभिमन म्हणतो, चार हाका मारल्या, तू सुपाकडे बघत नुसते ओठ चाटत होतीस. मी विचार करत होते. बाई विचार करायला लागली की घरातल्यांना आजार वाटतो.
डॉक्टरांच्या वहीत: काही नाही. ती वही लवकर भरत चालली आहे. एवढंसं लिहायला इतकी जागा लागते? सरकारी भाषा असेल.

२६ फेब्रुवारी
नीट विचार केला (पुन्हा). फिटच्या गोळीनं जीभ जड होते, दुपारभर डोळे मिटतात. गोळी त्या वीस जणींसाठी आहे. ऐंशीतलीनं खाल्ली तर वाया. म्हणून आजपासून संध्याकाळची गोळी गालात धरायची आणि नंतर कोठीमागे टाकायची. हे फक्त मला आणि वहीला ठाऊक.

२७ फेब्रुवारी
हेमलतानं आज कोठी सरकवून झाडलं. अख्ख्या वर्षात कधी सरकवली नव्हती. संध्याकाळी गोळी दिली, पाणी दिलं, आणि म्हणे, आत्या, आ करा. मी काय बैल आहे दात बघायला? आ केलं.
घरात फितूर आहे. संशय अभिमनवर.

४ मार्च, मंगळवार. धुळ्याहून येताना
दवाखान्याच्या बाकड्यावर हसीनाबी भेटली. धुळ्यातल्या गादीवाल्या नासीरची आई. सोबत सून मिसबाह, तेवीस वर्षांची, मांडीवर अडीच महिन्यांचं बाळ. बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी पोरीच्या डोक्यात हीच गुठळी. हसीनाबी म्हणे, अक्का, आपका नंबर कितना? मी म्हटलं, ऐंशीतली. ती म्हणे, हमारा तो बारा है, तुमको बहुत देर लगेगी. मग तिला शंभराचं, विसाचं बठ्ठं समजावून सांगितलं.

मिसबाहला मागच्या आठवड्यात पुन्हा फिट आली. बाळ मांडीवरून घरंगळलं, पण गादीवर. गादीवाल्यांच्या घराचं एवढं बरं असतं. मी बोलले नाही, मनात मोजलं: एक जागा भरली, राहिल्या एकोणीस. एवढा आनंद झाला की बाळाला बिस्किटाचा पुडाच दिला. दात नाहीत त्याला.

साक्रीपर्यंत एसटीत खुशीत होते. साक्रीनंतर नाही. पोरगी बाळाला हात लावायच्या आधी सासूकडे बघत होती, लावू का म्हणून.
हेमलता, लिही: ती जागा परत. मिसबाहला उठवा. तिथे नंदुरबारकडचं कोणी बसवा, माझ्या ओळखीचं नसलेलं.

१४ मार्च, धुळवड. ११ वाजता
गल्लीत वाजंत्री आली. ओट्यावर बसले होते, उजवा हात कोपरापासून आपोआप चालू झाला. तालाचं अंग आहे आमच्या घराण्यात. वाजंत्री थांबल्यावरही अर्धा मिनिट चालला. मुरलेला हात आहे.
काही नाही.

३० मार्च, पाडवा. सकाळी
पाडव्याला लिंबाचा पाला खातात. चावताना जीभ चावली. उशीवर रक्ताचा डाग होता. पाला त्यानंतर खाल्ला, ती गोष्ट वेगळी.
दिवसभर अंग कुटल्यासारखं. सण म्हटला की अंग दुखतंच.
काही नाही.

२ एप्रिल
अभिमन कांद्याची गाडी घेऊन धुळ्याला गेला होता. येताना हसीनाबीनं ईदचा शीरखुर्मा डब्यात भरून दिला. फोनही केला, म्हणे, मिसबाह मोबाइलला गजर लावून गोळी घेते, महिन्यात एकदाही फिट नाही, आता बाळाला स्वतः आंघोळ घालते, मी फक्त दारात उभी राहते. ऐकून बरं वाटलं. मी शब्द देऊन टाकला: अखाजीला तुमच्याकडे मांडे पोचतील, माझ्या हातचे.
ठेवता ठेवता म्हणे, और अक्का, गोली गाल में मत रखना.
फितूर धुळ्यापर्यंत पोचला. आता संशय एसटीच्या कंडक्टरवर.

१८ एप्रिल, शुक्रवार. दुपारी ३.२०
हेमलता पिंपळनेरला गेली होती. बारा दिवसांवर अखाजी, हात बसलेला बरा म्हणून गेंदाबाईच्या खापरावर सराव केला. गेंदाबाई नको नको म्हणत होती. म्हटलं, बत्तीस वर्षांच्या हाताला शिकवायला आलीस? पहिला मांडा असा पातळ की पलीकडची गेंदाबाई दिसली. दुसरा त्याहून पातळ.
तिसरा हातावर घेतला. मग मला एकदम गेंदाबाई तोंडावर पाणी मारताना दिसली. मधलं नाही.
मांडा चुलीत. पोलक्याची बाही जळली, तीन बांगड्या फुटल्या, मनगटावर बोराएवढा फोड. गेंदाबाई रडत म्हणे, ओ माय, तुले काय व्हयनं, दोन्ही हात असे उडायला लागले, मी पदराला धरून ओढलं नसतं तर खापरावर तोंडघशी पडली असतीस. दोन मिनिटं चाललं म्हणे. तिला घड्याळ कुठे कळतं.
कणीक सैल होती. तीच मळते.
डॉक्टरांच्या वहीत: काही नाही.
इथे हेमलताचं पेन थांबलं. विचारलं, शाई संपली का? म्हणाली, नाही आत्या. मग लिही म्हटलं. लिहिलं. फोडाला मलमही लावलं. मी फोड दाखवला नव्हता.

२१ एप्रिल
उद्या धुळे. डॉक्टरांची वही उघडून बघितली. मुंग्या जरा जास्तच दिसतात. पण शिस्तीत आहेत, माझं काम होऊन जाईल. चुलीला लागणारी तुराट्यांची मोळी आत आणून ठेवली. स्वतः आणली.

२२ एप्रिल, मंगळवार. रात्री
वही माझ्या हातानं दिली, बिनहळदीची. डॉक्टर वाचायला लागले आणि हसले. 'काही नाही' यात हसण्यासारखं काय? पान उलटलं, पुन्हा हसले, नर्सला बोलावून वाचून दाखवलं. मुरलेला हात आहे, असं माझंच वाक्य ऐकू आलं. मग शेवटच्या पानावर आले आणि हसणं थांबलं. चष्मा काढला. मनगट बघू म्हणाले.

हेमलतानं 'काही नाही' एकदाही लिहिलं नव्हतं. दोन्ही वह्यांत एकच, शब्दाला शब्द.

डॉक्टरांनी बोटावर मोजलं. कप, डाळ, वाजंत्री, जीभ, खापर. पाच. म्हणे, आता अंदाजाचं काम राहिलं नाही भुरीबाई, हा फिटचा आजारच. गोळी वाढली, काही वर्षं चालेल, आणि एकही चुकवायची नाही. चूल बंद. मी म्हटलं, मग ऐंशीतल्या कोण? म्हणे, गुण मोजून मला शंभरात किती ते सांगता येतं, त्यातली कोण ते नाही सांगता येत, म्हणून तर वही मागितली. म्हटलं, ठीक आहे, माझी जागा पक्की, मग मिसबाहचीही मलाच द्या, तिला मोकळी करा. म्हणे, तसं देता येत नाही. साधी एसटीतली जागा देता येते.

बाहेर हसीनाबी आणि मिसबाह बसल्या होत्या. म्हटलं, मी विसातली निघाले. हसीनाबी म्हणे, तो क्या हुआ, मिसबाह भी वहीं है. आणि दोघींनी सरकून बाकड्यावर मला जागा केली. बाळाला एक दात आलाय. अजून बिस्किटाचं होणार नाही.

साक्रीपर्यंत हेमलताशी बोलले नाही. मग विचारलं, वाचायचं नाही असं ठरलं होतं ना? म्हणाली, वाचलं नाही आत्या. लिहिताना ऐकू येतं.
फितूर सापडला. काढून टाकता येत नाही, अक्षर चांगलं आहे.

३० एप्रिल, अखाजी. संध्याकाळ
चुलीपासून पंधरा पावलांवर माझी खाट. अभिमननं पावलं मोजून टाकली, लांब टांगा टाकून. खापरापुढे हेमलता. मी गल्लीला आधीच सांगून ठेवलं होतं: हिचे शंभरात वीस फाटतात, चाळीस करायचे आहेत, म्हणजे आठ फाटणार. गेंदाबाईला मोजायला बसवलं.

खाटेवरून सूचना दिल्या. कणकेला पाणी लाव. कोपर वर. अगं सोड आता. हेमलता हो आत्या म्हणत होती आणि स्वतःच्या मनाचं करत होती. पहिला अख्खा खापरावर गेला. दुसरा गेला. पाचवा इतका पातळ गेला की मी सूचना द्यायची विसरले. हा विचारच होता, वहीत नको. बरं, लिही.

दहा झाले, वीस झाले, तीस झाले. गेंदाबाई माझ्याकडे बघायची, मी आमरसाच्या आंब्यांकडे बघायचे. बारा वर्षं मी शेजारी उभी राहून सांगत होते तेव्हा फाटायचे. का ते मला कळत नाही आणि विचारणारही नाही.

हसीनाबीचे सहा अभिमन घेऊन गेला. आत्ताच तिचा फोन होता. म्हणे, अक्का, बत्तीस बरस का हाथ है, पता चलता है. मी खोटं बोलले नाही. नुसतं हं म्हटलं. हेमलता समोरच आमरस वाढत होती, तिनं ऐकलं आणि माझी संध्याकाळची गोळी पाण्याच्या पेल्याशेजारी काढून ठेवली.

शेवटी हिशेब असा लागला की चाळीसांत फाटला एकच. सदतिसावा. सगळ्यांना वाढून झालं आणि तो माझ्या ताटात आला.
चांगला होता. हे बारीक अक्षरात लिही.