भट्टीवरचे बाबा

५ फेब्रुवारी १९८५, जोगेश्वरी

बाबा परवा गेले. शेजारच्या मथुराबाईंनी पिठलं-भात पाठवला. आईने दोन घास खाल्ले. मी सवयीने तीन कप चहा टाकला.

६ फेब्रुवारी

धाकटा भाऊ नंदू बोरीवलीहून आला. म्हणाला, "ताई, पेपरात द्यायचं तर काय लिहू?"

काय लिहिणार! लवू धोंडू परब. मालवणजवळचं गाव. तरुणपणी ब्रह्मदेशात लढाई. मग काचेच्या कारखान्यात भट्टीवर जन्म गेला. झळीने भुवया गेल्या त्या परत आल्याच नाहीत, पुढे डोळेही गेले. कारखान्याला टाळं लागलं, हातात काही आलं नाही. शेवटची वर्षं माझं कोपर धरून चालायचे. मी शाळेत शिकवायला गेले की दारात खुर्ची टाकून बसायचे — दिसत तर काहीच नव्हतं.

लढाईचं विचारलं की म्हणायचे, "पाऊस होता खूप." बस्स.

नंदू म्हणाला, "जाऊ दे. नको देऊया."

१२ फेब्रुवारी

दहावं झालं. बाबांच्या पलटणीतले रामनाथकाका गावाहून आले. मी पहिल्यांदाच पाहिलं त्यांना. पाणी दिलं तर माझ्याकडे बघतच राहिले. मग आईला म्हणाले, "वैनी, दादूचा चेडू ता ह्याच मां?"

दादूची मुलगी? मी?

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. मी विचारलं, "कोण दादू?" काका उठून बाहेर गेले.

१३ फेब्रुवारी

आईने सांगितलं. मेथी निवडता निवडता, मान वर न करता.

दादू तिचा पहिला नवरा. बाबांबरोबर ब्रह्मदेशात होता, तिथेच मेला. मला त्याने पाहिलंच नाही. लढाई संपल्यावर बाबा तो कसा गेला ते सांगायला तिच्या दारी आले. पुढे तिच्याशीच लग्न केलं. विधवेशी — आणि तिच्या पदरात मी. बाबांच्या आईने घराचं दार लावून घेतलं, म्हणून मुंबई. ती म्हातारी मेली तेव्हा कुणी कळवलंसुद्धा नाही.

१५ फेब्रुवारी

बाबा म्हणायचं की दुसरं काही? तोंडात शब्दच अडकतो.

नंदूला ते पट्ट्याने मारायचे. मला कधी बोट लावलं नाही. लहानपणी वाटायचं, मी लाडकी. आता कळलं — परक्या पोरीवर हात कसा उचलणार. जवळही कधी घेतल्याचं आठवत नाही. आईबरोबर आलेलं ओझं मी. ते वाहायला हा माणूस घर सोडून आला, भट्टीपुढे उभा राहिला, आंधळा झाला. आणि त्यांच्यासाठी रडायचा हक्क तरी मला आहे का?

१६ फेब्रुवारी

शाळेत गेले. दिवसभर काय शिकवलं, आठवत नाही.

१७ फेब्रुवारी

शेवटी आईला विचारलंच. "तू त्यांना हवी होतीस, म्हणून मला घेतलं ना?"

आई म्हणाली, "लग्नाला मी नाहीच म्हटलं होतं त्यांना. ते ओटीवर बसलेले, तू त्यांच्या मांडीवर झोपलेलीस. म्हणाले, 'तुका येवचा नसात तर येव नको. चेडू माका दी.'"