विसाजीपंतांच्या दाराची कडी

चि. आदित्य,

झाशीहून ताईचा आशीर्वाद. राग आहे, पण आशीर्वाद आधी.

आम्ही सगळे बरे आहोत. तन्वीची परीक्षा संपली. आईचे गुडघे कसे आहेत? तिला हे पत्र वाचून दाखवू नकोस.

तुझी मालिका पाहिली. पागोट्याचा पीळ, तोफांचे गाडे, सगळं अगदी जसंच्या तसं. मग माझ्या सासरचे विसाजीपंतच तेवढे खोटे का? इंग्रज शहरात शिरले त्या दिवशी ते भरल्या ताटावरून उठून लढायला गेले. "कडी घालू नका, आलोच," म्हणाले, ते आलेच नाहीत. म्हणून त्या तिथीला आम्ही त्यांचं पान मांडतो आणि जेवणं होईपर्यंत दाराला कडी घालत नाही. हे मी तुला बहीण म्हणून सांगितलं होतं. तू त्यांना इंग्रजांसाठी दार उघडं ठेवणारा फितूर दाखवलंस. नावसुद्धा बदलावंसं वाटलं नाही. वर फोनवर म्हणतोस, "ताई, मालिकेला एक फितूर लागतोच."

मिळाला रे फितूर. पण तो माझ्या माहेरचा निघाला.

शेजारचे मिश्राजी मामंजींना विचारून गेले, "वामनजी, ये आप ही के पुरखे हैं न?"

काल ती तिथी होती. पान मांडलं. मामंजी जेवायला बसले, पुन्हा उठले, आणि दाराला कडी घालून आले.

येशील तेव्हा दार वाजव.

तुझी ताई,
स्वरदा