अकरा वाजताची खुर्ची

८ जुलै, सोमवार

एकवीस किलोमीटर. दोन तास पन्नास मिनिटं! साडेआठला घर सोडलं, अकरा वीसला शहरातल्या हॉस्पिटलच्या दारात. बायकोला, रेनिंगला, हाताला धरून जवळजवळ ओढतच आत नेलं. नर्स घड्याळाकडे बघून म्हणाली, "आजी, आणखी दहा मिनिटं आणि खुर्ची गेली होती तुमची."

तिचं चुकलं नाही. व्हरांड्यात पाच-सहा जण रोज बसलेले असतात, कुणाची तरी खुर्ची रिकामी होईल म्हणून. साडेअकराला नाव पुकारतात. नसलात तर मशीन दुसऱ्याचं. बायकोची मूत्रपिंडं गेल्या वर्षी थकली. सोमवार आणि गुरुवार, चार-चार तास, अंगातलं रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत. तेवढ्यावर ती आहे.

आणि आजचा उशीर कशानं? चौकाच्या अलीकडे एका परदेशी पाहुण्या बाईला भातखाचर आवडलं! गाडी रस्त्याच्या मधोमध. ती बांधावर हात पसरून उभी, नवरा फोटो काढतोय. मागे दोनशे गाड्या. त्यातल्या एकीत रेनिंग, सुजलेले पाय समोरच्या सीटवर टेकवून. हॉर्न कुणी वाजवेना. पाहुणे ना ते!

११ जुलै, गुरुवार

अकरा वाजून दहा. बोलायला नको.

१३ जुलै, शनिवार

सुतेजाने मला पाहुण्यांसमोर झापलं. माझा मुलगा, अडतीस वर्षांचा, अंगणातल्या चार खोल्या तो पाहुण्यांना देतो. काल एका डच जोडप्याने व्हरांड्यात मला विचारलं, विमानतळाला किती वेळ लागेल. मी म्हणालो, चाळीस मिनिटं. बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला. विमान गेलं.

"बापा, कुठल्या काळातली चाळीस मिनिटं? तेव्हा रस्त्यावर कुत्री झोपायची!"

"आताही झोपतील. गाड्या हलतात कुठे?"

तो हसला नाही. मीही विनोद केला नव्हता.

पण चाळीस मिनिटं खरीच होती. तीस वर्षं ह्याच रस्त्यावर मी उतारू नेले, तीन चाकांच्या बेमोत. दोन फळ्या, बारा माणसं, पायात कोंबड्या, टपावर केळीचे घड. घड्याळ नव्हतं. सहावीपर्यंतच्या शाळेत रेगेग गुरुजींनी एक लांबलचक काव्य पाठ करून घेतलं होतं. राजाचं पत्र घेऊन निघालेल्या दूताचं, एकशे चाळीस कडवी. तेच मी गाडी चालवताना म्हणायचो. बाजारातल्या चिंचेपासून विमानतळापर्यंत बावीस कडवी, घाई न करता. विसाव्या कडव्यालाच पोचवलं तर बायका ओरडायच्या, "दोन कडवी खाल्लीस रे! कुठली खाल्लीस?"

दोन्हीकडे पाणी. बदकांची रांग रस्ता ओलांडायची आणि आम्ही थांबायचो. त्या थांबण्याचा कधी राग आला नाही. का, ते आज मला सांगता येत नाही.

१६ जुलै, मंगळवार

सुतेजाने छापील कार्ड करून चारही खोल्यांत लावलं. विमानतळ, साडेतीन तास. समुद्रावरचं देऊळ, तीन तास. माकडांचं रान, फक्त चार किलोमीटर, पण पन्नास मिनिटं. शेवटी एक ओळ, जरा बारीक अक्षरात: "कृपया आजोबांना विचारू नये."

एवढं इंग्रजी माझ्यासारख्या ड्रायव्हरला येतं.

१८ जुलै, गुरुवार

आज बोललोच. सुतेजा पाहुण्यांना सूर्योदय दाखवून आठला परतला, गाडीतला चिखल धुतला, मग साडेआठला "चला आई." मी कार्ड घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो.

"पाहुण्यांना साडेतीन तास. आईला अडीच. हा हिशोब कुठल्या शाळेतला?"

"बापा, विमान थांबत नाही कुणासाठी."

"आणि खुर्ची थांबते?"

त्याने किल्ली हातातल्या हातात फिरवली. रेनिंग गाडीत बसलेली, काचेतून म्हणाली, "भांडण संपवून या दोघं. मी तोवर बसते इथेच, जायचंय कुणाला!"

अकरा सव्वीसला पोचलो. चार मिनिटं.

परत येताना सुतेजा रस्त्याकडे बघत म्हणाला, "सोमवारपासून साडेसातला निघू. सूर्योदयाच्या पाहुण्यांसाठी मी दुसरा कुणी बघतो." माझा राग अजून शिल्लक होता.

२२ जुलै, सोमवार

सव्वादहाला पोचलो! साडेसातला निघण्यात अर्थ आहे.

२५ जुलै, गुरुवार

काही अर्थ नाही. खुर्ची गेली.

पुलापाशी एका ट्रकचा टायर फुटलेला, दीड तास तिथेच. तो निघाला, सुटलो म्हणालो, तर मागून शिट्ट्या. दोन मोटारसायकली, त्यांच्यामागे आठ पांढऱ्या गाड्या, फुलांनी सजवलेल्या. कड्यावरच्या हॉटेलातलं लग्न. नवरा-नवरी कुठल्या देशातले कोण जाणे! हॉटेलने शिट्टीवाले भाड्याने ठेवलेत, वाट मोकळी करायला. आम्हाला हाताने खुणा करून गटाराकडे सरकवलं. सुतेजाने काच खाली करून सांगितलं, आजारी माणूस आहे. शिट्टीवाला आपल्याच बाजूच्या गावचा पोरगा. म्हणाला, "दादा, सगळेच सांगतात."

एक चाक गटारात गेलं. ते निघेपर्यंत अकरा वाजले.

पोचलो बारा दहाला. रेनिंगच्या खुर्चीत एक म्हातारा झोपला होता, तोंड उघडं टाकून. त्याचा तरी राग कसा करू? केला मात्र. संध्याकाळी चारला एक मशीन मोकळं झालं, त्यावर तिला दोनच तास मिळाले.

२६ जुलै, शुक्रवार

सकाळी तिला दोन उशा लागल्या. बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडून श्वास घेते. पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो. मी अंगणभर फिरलो. एक पाहुणा हात जोडून हसला, मी पाठ फिरवली. देवाला फुलं वाहतानासुद्धा मनात त्या आठ गाड्या मोजत होतो.

२९ जुलै, सोमवार

साडेसहाला निघालो. पुलाच्या अलीकडे तासभर एकाच जागी. मी काचेबाहेर डोकं काढून शिव्या देत होतो, जगातल्या सगळ्या देशांना. रेनिंग म्हणाली, "अहो ड्रायव्हरसाहेब, शिव्यांनी गाडी चालत असती तर आपण आतापर्यंत समुद्रात असतो. ते तुमचं दूताचं म्हणा काहीतरी."

रागातच सुरू केलं. दूत नदीकाठी पोचतो ते कडवं. "नावाडी झोपला आहे, नदी जागी आहे." मी थांबलो. देवळातल्या आमच्या गाण्याच्या मंडपात एकजण गातो आणि दुसरा लगेच साध्या बोलीत अर्थ सांगतो. अर्थ सांगणारा नसला की माझा गळा आपोआप थांबतो.

आणि मागच्या सीटवरून रेनिंग म्हणाली, "म्हणजे असं, की ज्याला पलीकडे जायचंय त्यालाच झोप नसते. नावाड्याचं काय, तो इथलाच."

मी वळून बघितलं. "तुला कुणी शिकवलं हे?"

"तीस वर्षं मंडपामागे बसून भाताच्या वड्या विकल्या तुम्हा गवयांना. कान काय टोपलीत झाकून ठेवले होते?"

मला चक्क राग आला. पन्नास वर्षं मंडपात बसलो. त्या ओळीवर आम्ही पुरुषांनी केवढी चर्चा केलेली, नावाडी म्हणजे आत्मा की नदी म्हणजे आत्मा. हा अर्थ एकालाही सुचला नाही.

१ ऑगस्ट, गुरुवार

आज नऊ कडवी. बगळा खाचरातल्या चंद्राला चोच मारतो, ते आलं. मी गायलो, तिने अर्थ सांगितला: "हा तो फोटोवाला. पाणी गढूळ करून घरी गेला आणि सांगितलं, चंद्र बघून आलो."

सुतेजा असा हसला की पुढची गाडी सरकलेली त्याला कळलीच नाही. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. आमच्यावर! ह्या बेटावर सहा महिन्यांत ऐकलेला पहिला हॉर्न, तो आम्हाला.

अकराच्या आत पोचलो, हे लिहायचं राहिलं.

४ ऑगस्ट, रविवार

गावसभेत उभा राहिलो. म्हणालो, चौकात आपले गावराखे उभे करा, काळ्या-पांढऱ्या चौकड्याचं फडकं गुंडाळून, जसे देवळाच्या मिरवणुकीला करता तसे. आजाऱ्याची गाडी आली की बाकीच्या थांबवा. लग्नवाल्यांनाही. आवाज चढला माझा.

सगळे मान हलवत होते. मग देगेंग बोलला. माझ्याबरोबर बेमो चालवायचा, आता तीस स्कूटर भाड्याने देतो.

"बरोबर आहे तुझं, पान सुतेजा. पाहुणे फार झाले. कमी करू या. तुझ्या चार खोल्यांपासून सुरुवात करू?"

हशा पिकला. आमच्याकडे माणसाला त्याच्या पोराच्या नावाने हाक मारतात, सुतेजाचा बाप. त्या नावाने त्याने मला बरोबर जागी धरलं. ज्या गाडीतून रेनिंग जाते ती त्या खोल्यांतूनच आली. आणि पहिले लांब केसांचे, अनवाणी पाहुणे ह्या गावात कुणी आणले? माझ्या बेमोने. बावीस कडवी गाऊन दाखवली त्यांना वाटेत. टाळ्या वाजवल्या त्यांनी. मला किती बरं वाटलं होतं!

ठराव पुढच्या सभेवर गेला.

१२ ऑगस्ट, सोमवार

आज रस्त्यात सुकारिनी दिसली. दोन घरं सोडून राहते, देगेंगची सून, सव्वीस वर्षांची. तिलाही तेच दुखणं, तेच हॉस्पिटल, तीच अकराची वेळ. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे. नवऱ्याने दोघांच्या कमरेभोवती शाल घट्ट बांधलेली, ती झोपेत कलंडू नये म्हणून. ऊन डोक्यावर. आजूबाजूच्या गाड्यांचा धूर तिच्या तोंडावर.

तिला गाडीत घेऊ म्हणेपर्यंत ते फटीतून पुढे निघून गेले. संध्याकाळी मी देगेंगला विचारलं, तीस स्कूटर आहेत, एक छपराची गाडी नाही तुझ्याकडे? तो म्हणाला, "सगळ्या सप्टेंबरपर्यंत पाहुण्यांकडे." म्हणाला आणि खाली बसला पायरीवर. मला त्याला आणखी बोलायचं होतं. वळून घरी आलो.

रेनिंगने मात्र आज गाऊ दिलं नाही. काचेबाहेर बघत राहिली.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

खबर लागली. शेजारच्या गावातल्या छोट्या दवाखान्यात सप्टेंबरपासून चार मशीन येणार. आमच्या दारापासून सात मिनिटं! नावं नोंदवणं सुरू आहे. खिडकीवरचा माणूस म्हणाला, यादी भरली. मी म्हणालो, दाखव. तो म्हणाला, दाखवता येत नाही. मी म्हणालो, मग उठता येत नाही. दुपारपर्यंत बसलो.

१९ ऑगस्ट, सोमवार

दूत बाजारात अडकलाय. पत्र कमरेला आणि हा पानवाल्याशी गप्पा मारतोय. रेनिंग म्हणते, "ह्याला पोचायचंच नाहीये, मी ओळखते असल्या पुरुषांना." चौऱ्याऐंशीवं कडवं झालं. मी विचारलं, शेवट माहीत आहे ना तुला? ती म्हणाली, "कुठला शेवट? वड्या संपल्या की मी घरी जायची. तुमचा भात कोण लावणार होतं?"

२१ ऑगस्ट, बुधवार

दवाखान्याची पाचवी फेरी. आता म्हणतात डॉक्टरची चिठ्ठी जुनी आहे. नवीन आणली. शिक्का नाही म्हणाले. शिक्का आणला. खिडकीवाला मला बघितलं की जेवायला उठतो, सकाळी नऊलासुद्धा!

२६ ऑगस्ट, सोमवार

अकरा अठ्ठावीस. दोन मिनिटं. आज गायचं कुणाला सुचलं नाही. रेनिंगचा हात माझ्या हातात होता आणि मी मिनिटकाटा बघत होतो.

३० ऑगस्ट, शुक्रवार

मिळाली! आठव्या फेरीत. चार खुर्च्यांपैकी शेवटची. सोमवार-गुरुवार, अकरा वाजता, पूर्ण नाव छापील: नी लुह रेनिंग. दहा पन्नासला निघालं तरी तीन मिनिटं अगोदर. मी तो कागद रस्त्यावर उभा राहून दोनदा वाचला. गाड्या तशाच तुंबलेल्या. आज त्यांच्याकडे बघून मी हसलो, आता अडका म्हणालो, खुशाल अडका वर्षभर.

घरी कागद रेनिंगच्या मांडीवर ठेवला. तिने नीट घडी केली. विचारलं, "यादी खरंच भरली?"

"भरली. शेवटची होती म्हणालो ना."

"बरं," म्हणाली.

एवढंच? आठ फेऱ्या मारल्या मी!

१ सप्टेंबर, रविवार

सकाळी दवाखान्यातून खिडकीवाल्याचाच फोन. नाव बदलल्याची सही झाली का, विचारत होता. काल मी सभेला गेलो तेव्हा रेनिंगने सुतेजाला गाडी काढायला लावली आणि खुर्ची सुकारिनीच्या नावावर करून आली. मला न विचारता. मी ओरडलो, चारही खोल्यांतले पाहुणे बाहेर आले. ती फुलं निवडत बसली होती. माझा दम संपल्यावर म्हणाली, "सात मिनिटांत तुमचा घसासुद्धा साफ होत नाही. मग दूत पोचणार कधी?"

उद्या साडेसहाला निघायचं आहे.