घनता म्हणजे घट्टपणा

५ जानेवारी, सोमवार
शनिवारी रक्षाच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन. आठव्या वर्गाला विषय : घन, द्रव, वायू यांची घनता. पहिला नंबर आला तर वर्ध्याला, जिल्ह्यावर. पोरीनं या नंबरासाठी जीव टाकलाय. मॅडमला विचारते म्हणाली. म्हटलं, घरात बीएस्सी बाप असताना बाहेर काऊन विचारते? (फर्स्ट इयर. पण केमिस्ट्री होती.)
संकल्प : प्रोजेक्ट आपण करायचा, पोरीनं फक्त बोलायचं.

६ जानेवारी
लय सोपं आहे. घनता म्हणजे घट्टपणा, शब्दातच आलं. बरणीत खाली लोखंडी नट, त्यावर तेल, त्यावर पाणी, सगळ्यात वर हवा. तेल पाण्याहून घट्ट, हे शेंबड्या पोरालेही समजते. चार्ट रंगवला. रक्षा म्हणे, मॅडमनं तं तेल पाण्याच्या वर सांगतलं बाबा. मॅडम घाईत बोलल्या असतील.

७ जानेवारी
जेवताना नंदिनीनं रश्श्यावरच्या तर्रीकडं बोट दाखवलं. म्हणे, हे तेल नाई तं काय हाय वरतं? बायकोला समजावलं, स्वयंपाक वेगळा, सायन्स वेगळं. रस्सा गरम, म्हणून तेल वर. ती काही बोलली नाही, म्हणजे पटलं.

८ जानेवारी, सकाळ
प्रयोग करून पाहिला. तेल वरच. बसायला वेळ लागतो.
संध्याकाळ. अजून वरच. भेसळ असणार. दुकान बदलणे.

९ जानेवारी
एरंडेल आणलं. इतकं घट्ट की बाटलीतून निघेना. आता कसं बसत नाही, पाहतो. चमच्यानं दाबूनही पाहिलं. शाळेत नेईपर्यंत बसेल. रक्षा म्हणे, चार्ट बदलू काय? डोकं फिरलं. बापावर भरवसा नाई काय, विचारलं. हाय, म्हणाली.

१० जानेवारी, शनिवार
चार्टवर तेल खाली, बरणीत वर. पोरंपोरी खिदळली. परीक्षक बाईंनी रक्षाला विचारलं, हे असं कोणी सांगितलं? मी मागंच उभा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. रक्षा म्हणाली, माह्यं मीच केलं, माह्यीच चूक हाय. मग बाईंनी माझ्याकडं पाहिलं.
मी म्हटलं, मी फक्त पोरीला सोडायला आलतो.
असं म्हटलं मी. तिच्यासमोर.
वर्ध्याला दुसरी पोरगी जाणार. नट आणि हवा दोन्ही बरोबर होते, ते कोणी पाहिलं नाही. घरी येताना गाडीवर बरणी रक्षानंच धरली. लाजेनं जेवण गेलं नाही.

११ जानेवारी
संकल्प : रक्षाची माफी मागणे. सकाळी ती आंघोळीला गेलती. दुपारी मैत्रीण आलती. मग मलाच गाडी पुसायची होती.
संध्याकाळी तीच पुस्तक घेऊन जवळ बसली. म्हणे, बाबा, बर्फ पाण्यावर काऊन तरंगते? समोरच्या पानावर बर्फाचं चित्र होतं, खाली उत्तर, त्याखाली तिनंच पेन्सिलीनं रेघ ओढलेली. बाप दिवसभर गप्प आहे, त्याला बोलतं करावं म्हणून विचारत होती पोरगी. ठरवलं, सरळ सांगायचं, मले माहीत नाई.
तोंडातून निघालं, थंड असते म्हणून.
हो बाबा, म्हणाली. आणि पुस्तक मिटलं.