कमानीखालचं कालबूत

वडनेर भोलजी, २८ ऑक्टोबर २०२४

चि. अश्विनीस आईचे आशीर्वाद, वि. वि.

तुझं पाकीट काल मिळालं. नकाशे दोन, फोटो तीन, बाबांना लोकरी मोजे. पाकिटाला तिकडचे आठ पौंड, म्हणजे आपले साडेआठशे! अगं, मोजे नांदुऱ्यातही मिळतात.

तू दुरुस्त करतेस ते इंग्लंडातलं दरवाजाघर पाहिलं. आपल्या वेशीसारखीच दगडी कमान, पण वर लाकडी चौकटीत विटा भरून राखणदाराला खोली. खालून गाड्या जाऊन राह्यल्या तर त्याले झोप कशी लागे?

बाबांना ऐकू कमी येतं, म्हणून फोन नको, लिहूनच विचार. कमान जुळवल्यावर तिला तोलणारं लाकडी कालबूत कधी काढायचं, त्याचं उत्तर एकवीस दिवस. तोवर ओली पोती घाल, चुन्याले तहानलेलं ठेवू नोको म्हणतात.

देवापुढे तुझ्या नावाचा दिवा रोज आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई, अन्नपूर्णा

इंग्लंड, १४ नोव्हेंबर २०२४

ती. आईस शि. सा. न.

कमान अकरा तारखेला जुळली. मधला दगड मी बसवला. बाबा इथं असते तर ओरडले असते, की आधी ओळंबा पाह्य बे! दोन डिसेंबरला कालबूत काढू. इथला म्हातारा मिस्त्री मानत नव्हता. सकाळी बादलीतलं पाणी गोठतं, चुना धरणार नाही, उन्हाळ्यापर्यंत थांबू म्हणाला. मी सांगितलं, माझ्या बाबांनी चाळीस कमानी बांधल्यात, त्यांचा शब्द आहे. मग नाइलाजानं तयार झाला. काढताना खाली मीच उभी राहणार.

पण बाबांनी या खेपेला एकही शिवी लिहवली नाही, असं काऊन?

तुमच्या दोघांच्या मायेची धनी,
अश्विनी

वडनेर भोलजी, २७ नोव्हेंबर २०२४

चि. अश्विनीस आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. हे पत्र टपालात टाकतेच, पण आधी शेजारच्या दीपककडून याचा फोटो काढवून तुझ्या फोनवर पाठवते. बोलायची माझ्यात ताकद नाही.

ते एकवीस दिवस मी लिहिले. बाबा पोळ्यापासून अंथरुणाला आहेत. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. काम टाकून येशील, नोकरी जाईल, म्हणून लपवलं. तुझे नकाशे त्यांच्यापुढे धरले. बोटं हलली, पण हो म्हणून राह्यले का नाही, मले समजलं नाही. तीस वर्षं त्यांच्या चुन्याला पाणी घातलं, त्या आठवणीवर लिहून दिलं. पण ते दिवस वडनेरच्या उन्हाचे. पाणी गोठतं तिथला चुना मी कधी पाहिला?

पोथीवर हात ठेवून सांगते, त्या मिस्त्रीचं ऐक. त्याच्यापुढे माझं नाव खुशाल घे, पण कालबुताला कोणाला हात लावू देऊ नको. तू तर खाली उभीच राहू नको.

आज पुन्हा यांना विचारलं. डोळ्यातून पाणी आलं. ते उत्तर होतं की नुसतं पाणी, कळत नाही. बाबांना विचारून सांग, असं आता मला लिहू नकोस. इथं विचारायला कोणी उरलं नाही.

कालबूत जागेवर आहे, एवढं आजच फोनवर कळव. आणि माझ्यावर राग धरलास, तर तेही तुझ्या हातानं लिहून उलट टपाली कळव.

आई