पातूरचा उणे पाऊस

अकोला,
१४ जून १९६७

प्रिय शेषराव,

तुझं पत्र परवा मिळालं. नव्या गणकयंत्रावर पातूर गावचा पाऊस उणे येतो, कारण लगेच कळव, एवढंच त्यात आहे. माझ्या आईचं मोडलेलं हाड सांधलं का, हे विचारावंसंही तुला वाटलं नाही.

अमरावतीच्या कॉलेजात आपण एकत्र गणित शिकलो, मुंबईच्या संस्थेत एकाच दिवशी रुजू झालो. वऱ्हाडातला पाऊस आणि कपाशीचं पीक यांचा मेळ लावणारा प्रोग्राम मी फोरट्रान या इंग्रजीसारख्या भाषेत लिहिला, तेव्हा तू सगळ्यांदेखत म्हणालास, "पंचफुला, यंत्राशी त्याच्याच आकड्यांत बोल. तुझी भाषा समजायले त्याले वेळ लागते." सगळे हसले. तुझे प्रोग्राम वेगानं चालत, हे खरं. पण उद्या यंत्र बदललं तर काय, असं विचारल्यावर तू म्हणालास, दहा वर्षं हे हलत नाही.

ते तीन वर्षांत हललं. मी आईसाठी रजेवर आले आणि तिकडे नवं यंत्र बसलं, असं तिथल्या सहकाऱ्यांनी कळवलं. तुझ्या भोकं पाडलेल्या कार्डांच्या अकरा खोक्यांतलं एक अक्षर त्याला कळलं नाही. माझ्या प्रोग्राममधली आकडे आत घेण्याची आणि छापण्याची सहा कार्डं तुम्ही बदलली, नि तो चालला. मला आनंदच झाला असता. पण गेल्या आठवड्यात इथल्या शेतकी कचेरीत त्यातून निघालेल्या आकड्यांचा अहवाल पाहिला. त्यावर नाव एकट्या तुझं. घरी येऊन मी भांडी आपटली. आई म्हणाली, "काहून तापून राहिली? त्याले सरळ विचार ना." मी विचारलं नाही. तू स्वतःहून सांगशील, अशी वाट पाहिली. आलं ते हे पत्र.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हापासून बाबा सांगत, कष्ट आपले असतील तिथं मान खाली घालायची नाही. मी चार वर्षं तुझं बोलणं हसण्यावारी नेत राहिले. त्याचाच आता जास्त राग येतो.

तर कारण असं. नव्या यंत्राच्या स्मृतीतल्या एका घरात जुन्यापेक्षा लहान पूर्णांक मावतो. पातूरची नोंद सगळ्यांत लांब, साठ वर्षांची. पावसाच्या आकड्यांचे वर्ग मिळवता मिळवता बेरीज घरात मावेनाशी होते आणि उणे दिसते. ती बेरीज दशांशांत कर, एक कार्ड बदललं की झालं. भाषा एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाते, पण यंत्राचं माप पाहावंच लागतं. हे मी पहिल्याच वर्षी या प्रोग्रामच्या वहीत लिहिलं होतं.

ती वही काल रजिस्टर पोस्टानं संचालकांना पाठवली. प्रोग्राम माझा आहे, हेही कळवलं. ते तुला बोलावतील. मी तुझ्या पाठीमागे काही केलं, असं तुला म्हणता येऊ नये, म्हणून हे पत्र. आई आता काठीनं चालते. येत्या सोमवारी मी कामावर येते आहे.

तुझी एके काळची मैत्रीण,
पंचफुला