अंगठीतून जाणारी शाल

रवि. ४ जाने. ८७
...आणि तरी आईचं तेच, रत्नागिरीत लोकर कशाला. बाळाला उकडेल. असू दे. ताईचं पहिलं बाळ, मावशी मी एकटीच, विणणार म्हणजे विणणार. शाळेतल्या सिस्टरनी दिलेल्या मासिकात लिहिलंय, खरी लेस शाल बोटातल्या अंगठीतून आरपार जाते. माझी पण जाणार. टोकाला चार टाके होते, आज १५२. दोन्ही कडांना एकेक वाढवत जायचं.
शेजारच्या काकू रोज दुपारी तपासायला येतात. लोकर पुढे घेऊन जाळी पाडायची, त्या मासिकातल्या 'वुल फॉरवर्ड'ला त्या सरळ भोक म्हणतात. "भोक चुकलं गो तुझं." ताई इतकी हसली की पोट धरून बसावं लागलं. आठवा लागलाय.

सोम. ५
टेस्ट करायची म्हणून ताईकडे साखरपुड्याची अंगठी मागितली. निघेना. साबण लावला, खोबरेल लावलं. बोटावर लाल रेघ उठली.
"बोटच काढून ने एकदाचं."
मग हळूच, "आईला सांगू नको हं. लगेच मीठ बंद करेल. माझे खारातले आवळे जातील."
प्रॉमिस केलं. आईच्या अंगठीतून शाल अर्धी गेली. उद्या परत.

बुध. ७
काकू आज शालीकडे बघतच नव्हत्या, ताईकडे बघत होत्या. जाताना मला म्हणाल्या, "पुष्कळ झालं. आता वाढव ती."
मासिकात १६० ला थांबायला सांगितलंय. पण काकूंना जास्त कळतं. १६४ केले.
ताईचं डोकं दुखतंय. अंगणात उन्हात बसली म्हणून, आई म्हणाली. चपला होत नाहीत, बाबांच्या घालून फटक फटक फिरते. सगळे हसलो. मी पण.

शुक्र. ९
१७६. लोकर पुरायची नाही. चिपळूणला हाच पांढरा मिळेल का? विचारायला काकू नाहीत, काल मालगुंडला गेल्या लेकीकडे.
ताईला शाल उलगडून दाखवली. बघत राहिली. म्हणाली, "भोकं हलतायत गं."
"शाल हलतेय, मी धरलीय ना."
"नाही. भोकं."
मग डोळे मिटून पडली. आवळ्यांची बरणी तशीच. आईला सांगावं का? पण प्रॉमिस

शनि. १०
सकाळी ताईच्या हातातून चहाचा कप सुटला. काहीतरी बोलत होती, शब्द नीट येत नव्हते. रिक्षा. हॉस्पिटल. प्रेशर फार वाढलंय.
डॉक्टरांनी विचारलं, सूज कधीपासून?
आई म्हणाली, "काल-परवापासून असेल."
मी तिथेच उभी होते. विणकामाची पिशवी हातात. ती कशाला नेली होती कोण जाणे.

संध्या.
आई कपडे न्यायला घरी आली. "अंगठी वाढवली तिची."
मला वाटलं सोनाराकडून मोठी करून आणली. म्हटलं, बरं झालं, आता काचणार नाही. आईने पदराची गाठ सोडली. आत दोन तुकडे.
"कापली म्हणायचं नसतं."
बांगडीचं माहीत होतं. फुटली तरी वाढवली म्हणतात. अंगठीचंही तसंच. म्हणजे काकू बुधवारी म्हणाल्या ते पण... पुरी कर. सुईवरून उतरव. आणि मी टाके वाढवत बसले.

रवि. ११
काकू आल्या, तशाच हॉस्पिटलात. जिन्यात गाठून 'वाढव'चं विचारलं.
"मग काय, दोन जिवांच्या बाईसमोर 'बंद कर' म्हणू? म्हटलं, ते पुरं झालं की तुझी मान वर होईल. तिच्याकडे बघशील जरा."
आणि वर ताईकडे गेल्या.
बाळाचे ठोके आहेत, पण मंद. ऑपरेशनचं संध्याकाळपर्यंत ठरवू म्हणतात. भावोजींना मुंबईला ट्रंक कॉल अजून लागलेला नाही.
१८८ टाके सुईवर आहेत. पुढची ओळ विणवत नाही, बंदही करवत नाही.
आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतेय, "काल-परवाच तर सूज आली हो, कुणाच्या लक्षात येणार." आज दुसऱ्या डॉक्टरांनी पण विचारलं. आईने तेच सांगितलं, त्यांनी तेच लिहून घेतलं. सोमवारची अंगठी फक्त मला माहीत आहे, आणि ताईला. ताई डोळे उघडते, पण ओळखते की नाही कळत नाही. आवळ्यांचं प्रॉमिस तिला आठवत तरी असेल का.
आई आता बाकावर बसलीय. शेजारी जागा आहे.
कधी कुणी हे वाचलंच तर खरं सांगा, तुम्ही जाऊन सांगितलं असतंत?